यांच्या हस्ते

"पुरस्कार कुणाच्या हस्ते आहे?" तिने विचारलं.

"येतीलच," संपादक म्हणाले आणि आरशात बघून टाय पुन्हा सरळ करू लागले. तो सरळच होता.

सभागृहाला लागून असलेल्या त्या लहानशा खोलीत तिघंच होती: पुरस्कार मिळालेली ती वार्ताहर, तिचे संपादक आणि पाववाल्या काकू. घरच्या भट्टीत पाव भाजून विकणाऱ्या या काकूंवरच तिने लेख लिहिला होता. एका भट्टीपायी किती परवाने, किती खेटे, किती सह्या! लेख छापून आला आणि नगरपालिकेला निम्म्या परवान्यांची अट रद्द करावी लागली. खुल्या बाजाराचा आणि स्वातंत्र्याचा कैवार घेणाऱ्या लेखनाचं यंदाचं पारितोषिक त्या लेखालाच मिळालं होतं. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने काकूंनाही आवर्जून बोलावलं होतं. फोटोसाठी.

"काकू, पीठ मिळालं का?"

"कुठलं गं! भट्टी गारच आहे. गिरणीवाला आता समोरसुद्धा येत नाही. आतूनच ओरडतो, घरगुती भट्ट्यांना द्यायचं नाही, वरून निरोप आहे." काकूंनी मांडीवरची पिशवी सावरली. "ते जाऊ दे. आज तुझा दिवस आहे."

वरून म्हणजे कुठून, हे तिने शोधून काढलं होतं. मोठ्या बेकरीवाल्यांनी बैठक घेऊन गिरण्यांना दम भरला होता: छोट्यांना पीठ द्याल तर आमची मागणी बंद. बैठकीला हजर असलेल्यांनीच तिला हे नावानिशी सांगितलं होतं. हा दुसरा लेख तिने संपादकांच्या टेबलावर ठेवला, आणि तिथेच तो पडून राहिला. विचारलं की उत्तर एकच, "वकील वाचताहेत." त्याच सुमारास, तिला न विचारता, संपादकांनी तिचं नाव पुरस्कारासाठी पाठवलं. एरवी 'बरं लिहिलंस' म्हणतानाही ज्यांची जीभ जड व्हायची, त्यांनी! शंकेची पाल तेव्हाच चुकचुकली होती. पण तिने स्वतःलाच दटावलं होतं: कुणी कौतुक केलं तरी तुला त्यात पाणी मुरतंय असंच वाटतं.

दार उघडलं. संस्थेचे अध्यक्ष आत आले आणि त्यांच्या मागोमाग एक ठेंगणे, हसतमुख गृहस्थ.

"हे आपले प्रमुख पाहुणे," अध्यक्ष म्हणाले. "बेकरीमालक संघाचे सर्वेसर्वा. पुरस्कार यांच्याच हस्ते."

दुसऱ्या लेखात हे नाव पहिल्याच ओळीत होतं. तिने कितीदा फोन केले होते, पण साहेब कधी फोनवर आलेच नव्हते.

पाहुणे आधी काकूंकडे गेले. "तुमच्यासारख्या कष्टाळू माणसांमुळेच बाजार जिवंत आहे हो." काकू संकोचून उभ्या राहिल्या. हा माणूस कोण, हे त्यांना काय ठाऊक!

मग ते तिच्याकडे वळले. "छान लिहिता. सरकारने मधे मधे करू नये, हे सांगून सांगून आमचा घसा बसला. तुम्ही एका लेखात पटवून दिलंत. फक्त..." घरातल्या मुलीला समजवावं तसा त्यांनी आवाज खाली आणला. "ते पिठाचं प्रकरण जरा घाईत लिहिलंय. शेवटचा परिच्छेद तर फारच."

तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"तो लेख अजून छापलेला नाही," ती म्हणाली.

तिने संपादकांकडे पाहिलं. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"वाचायला दिला होता, एवढंच," ते शेवटी पुटपुटले. "दुसरी बाजू नको का?"

"दुसरी बाजू विचारायला आपण जातो, सर. लेख घरपोच करत नाही."

"अहो, आज आनंदाचा दिवस," अध्यक्ष मध्ये पडले. "चला, लोक खोळंबलेत. आभारासाठी थोडाच वेळ आहे. गोड बोला." यांना सगळं माहीत होतं की काहीच नव्हतं? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं गं?" काकूंनी हळूच विचारलं.

"काही नाही, काकू. तुम्ही पुढच्या रांगेत बसा."

व्यासपीठावर पाहुण्यांनी तिच्या हातात सन्मानचिन्ह ठेवलं आणि कॅमेऱ्यांचं समाधान होईपर्यंत तिचा हात सोडला नाही. मग ती माइकपाशी गेली.

"त्या लेखातला शब्द न् शब्द मी आजही मानते," ती म्हणाली. "ज्याला पाव भाजायचाय त्याला भाजू द्यावा. कुणी आडवं येऊ नये. सरकारने नाही, आणि..." उद्यापासून नोकरी नसेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. "आणि सरकार हटल्यावर त्याच्या जागी जाऊन बसणाऱ्यांनीही नाही. माझा दुसरा लेख अजून छापून आलेला नाही. ज्यांच्याबद्दल तो आहे, त्यांनी मात्र वाचलाय. मग तुम्हीही ऐका."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. काकूंनी मान वर केली. पाहुण्यांचं हसू अजून तोंडावर होतं, पुसायचं राहून गेल्यासारखं. तिने गिरण्यांची नावं घेतली. बैठक कुठे झाली, ते सांगितलं. त्या बैठकीत मुख्य खुर्चीवर हेच पाहुणे होते, तेही.

माइकची यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाने बटणावर बोट ठेवलं आणि अध्यक्षांकडे पाहिलं. बंद करू?

अध्यक्षांना तो दिसला होता. पण ते समोर बघत राहिले, कारण त्या माणसाच्या नजरेमागोमाग सगळं सभागृह आता त्यांच्याचकडे बघत होतं.