नेहमीएवढंच

घशाच्या ऑपरेशननंतर भिकाजी शिगवणांना घास गिळवेना, म्हणून दवाखान्याने पट्ट्यांची जोडी दिली होती. एक त्यांच्या दंडावर, दुसरी त्यांच्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या. बाईंनी जेवायचं आणि कामाधामात जळून जे उरेल ते भिकाजींच्या अंगी लागायचं.

पण आठ दिवसांत भिकाजी आणखी दोन किलोंनी उतरले. पट्टी बिघडली असणार, म्हणून त्यांनी नर्सला बोलावलं.

"पट्टी ठीक आहे, काका," तपासून ती म्हणाली. "काकू खातात त्याहून जास्त त्यांचं जळतं. तुम्हाला द्यायला उरणार काय? काकू, या धावपळीत जेवण कमी झालंय का?"

"छे, नेहमीएवढंच जेवते की. सगळ्यांचं झालं की भांड्यात असेल ते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी चहा टाकायला गेल्या.

दुपारी भिंत धरत भिकाजी स्वयंपाकघरात आले. ताटं कुठे असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोन कपाटं उघडावी लागली. त्यांनी भात वाढला, कालवण वाढलं आणि आजवर त्यांच्याच ताटात पडणारी सुरमईची मोठी तुकडी सुलोचनाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, एवढं कुठे जाणार मला?" असं म्हणत बाई बसल्या. "पण जेवते हो पोटभर. तुम्हाला ताकद यायला हवी."

त्यांनी पहिला घास घेतला, तेव्हा भिकाजींनी आपल्या दंडावरची पट्टी सोडून फळीवर ठेवली.

"माझं उद्यापासून," ते म्हणाले. "आजचं तुझ्या अंगी लागू दे."