देवीचं शेत

संतोषने बदलापुरात नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आलेल्या कौसाबाईने टॉवरच्या गेटपाशीच चपला काढून हातात घेतल्या.

"आई, आपला फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे," तो हसला.

"पण शेत तर इथंच आहे ना. तुझ्या आज्यानं देवीला दिलं, तेव्हापासून घरातलं कुणी चपला घालून यात उतरलं नाही."

"अगं, देवस्थानच्या पंचांनी ते कधीच बिल्डरला देऊन टाकलं."

"दिलं असंल. देवीला कुणी विचारलं?"

चपलांसकट बांधावर चढला म्हणून लहानपणी इथंच संतोषने आईचा धपाटा खाल्ला होता.

लिफ्टचं दार उघडलं. आतल्या आरशात त्याला अनवाणी आई दिसली, आणि तिच्या शेजारी, बूट हातात घेऊन उभा असलेला तो स्वतः.