पत्र्यावरचं पाणी

वाढत्या उन्हाचा कंपनीच्या ऑनलाइन धंद्याला किती धोका आहे, ते तपासायला मुख्य ऑफिसातले साहेब शिरूरच्या गोदामात आले होते. सुलक्षणा पॅकिंगच्या टेबलाशी उभी राहून ऐकत होती.

"गेल्या मे महिन्यात इथलं कूलिंग बंद पडलं होतं ना? माल किती गेला?"

"एक चॉकलेटसुद्धा वितळलं न्हाई, सर," मॅनेजर सत्यजीत म्हणाला. "आमच्या वॉचमनचं डोकं. पत्र्यावर गोणपाटं अंथरली आन् दिवसभर त्यांवर पाणी मारत राहिले."

साहेब खूश झाले. "मग इथला धोका कमीच धरू. हाच उपाय बाकीच्या गोदामांनाही सांगू. आणि यंदाही त्यांनाच वर पाठवा. बोलवा बरं त्यांना."

सत्यजीतनं हळूच सुलक्षणाकडं पाहिलं.

तिनं हातातला खोका नीट चिकटवून बाजूला ठेवला. त्या दिवशी आप्पा पत्र्यावर चढले तेव्हा शिडी तिनंच धरली होती.

"माझे वडील ते," ती म्हणाली. "आपल्या पायांनी खाली उतरलेच न्हाईत, साहेब. चौघांनी उतरवलं त्यांना. गोणपाटं तवापण ओलीच हुती."