दहा मिनिटांनी बंद

सुमन गेली हे कृष्णनाथला कळलं, तेव्हा तो डिचोलीच्या एका दुकानात तिचा लॅपटॉप दुरुस्त होण्याची वाट बघत होता. फोन मेहुणीचा, राणीचा होता. "भावोजी, ताई गेली," एवढंच ती बोलली. समोर दुकानदार अभिजीतने लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं होतं. पंखा काढून टेबलावर ठेवला होता. कृष्णनाथ तसाच उठला आणि म्हापशाची बस धरायला धावला.

सकाळी तर सगळं ठीक दिसत होतं. नऊ दिवस तो म्हापशाच्या इस्पितळात तिच्या खाटेजवळून हलला नव्हता. त्या दिवशी जाग आल्याबरोबर ती म्हणाली, "आज उंडो खावासा वाटतो. पोदेराकडून गरम आणा." तिला भूक लागली, याचाच त्याला आनंद झाला. पाववाल्या पोदेराकडून पाव घेऊन तो परत आला, तर ती उशीला टेकून लॅपटॉप उघडून बसली होती. तिने उंड्याचा एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"हा दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो," ती म्हणाली. "उद्या माल सुटायचा आहे. गाड्यांची यादी यातच आहे. अभिजीतकडे घेऊन जा."

"डिचोलीला? अगो, खाली कोपऱ्यावर दुकान आहे."

"नको. अभिजीतच पाहिजे. आणि समोर बसून करून घ्या, ठेवून येऊ नका."

"इस्पितळात पडून ऑफिस चालवणारी तू एकटीच."

"खाणीवर तुमचा टिपर ट्रक बंद पडला की तुम्ही जेवायला तरी येत होता काय?" ती हसली. मग तिने पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. आठ वाजता राणी आली. सुमननेच तिला बोलावून घेतलं होतं. कृष्णनाथ लॅपटॉप घेऊन निघाला.

सुमन डिचोलीतल्या खोक्यांच्या कारखान्यात माल पाठवायचं काम बघायची. तिथे कोणाचाही कॉम्प्युटर अडला की आधी सुमनला हाक मारत. ऑफिसने दिलेला हा जुना लॅपटॉप तिने आपल्याला हवा तसा करून घेतला होता. वाढीव मेमरी तिने स्वतः बसवली, नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. अक्षरं मोठी केली. लॅपटॉप चालू केला की गाड्यांची यादी आपोआप समोर यायची. तेही तिनेच करून ठेवलं होतं.

बाराव्याला पाळी गावातल्या घरी माणसं जमली. तिचा भाऊ जयवंत सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बहीण आमची जात होती, आणि भावोजी बाजारात मशीन घेऊन बसले होते." त्यानंतर दीड महिना कृष्णनाथ त्या दुकानाच्या रस्त्याने गेला नाही. शेवटी कारखान्यातून फोन आला. सुमनच्या जागी नवीन मुलगी येणार होती, लॅपटॉप हवा होता, म्हणून तो दुकानात गेला.

अभिजीत मूळचा बेळगावकडचा. त्याने कृष्णनाथला बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"काका, बिघाड काहीच नव्हता की ओ."

"म्हणजे?"

"मी पंखा साफ केलो, मेमरी बदलून बघितलो, बॅटरी काढून बघितलो. तरी बरोबर दहा मिनिटांनी बंद. चार दिवस डोकं लावलो. मग आत शोधलो, तर सूचनाच घातलेली. चालू झाल्यावर दहा मिनिटांनी बंद हो, म्हणून. हातानं घातलेली आहे, काका. आपोआप होत नाही हे."

त्याने स्क्रीन कृष्णनाथकडे वळवला. सूचनेपुढे तारीख होती आणि वेळ होती. तारीख तीच, ती गेली त्या दिवसाची. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं.

सात वाजून दहा मिनिटांनी कृष्णनाथ रस्त्यावर पोदेराला शोधत होता. खाटेवर सुमन एकटी होती. पासवर्ड तोवर तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता.



सहा वर्षांपूर्वी कृष्णनाथची आई त्याचा हात घट्ट धरून गेली होती. त्यानंतर त्याचे हात थरथरू लागले. स्टिअरिंग धरवेना. खाणी बंद म्हणून टिपर विकला, असं तो लोकांना सांगत आला. खरं कारण फक्त सुमनला ठाऊक होतं. दोन वर्षं त्याच्या शर्टाची बटणं तीच लावत होती. थरथर थांबली, तरी गाडीवर बसायला त्याचा धीर होत नव्हता. गेल्या वर्षी कुठे तो शाळेच्या बसवर रुजू झाला होता.

"कोण केलं असेल हो हे?" अभिजीतने विचारलं.

"तिनंच."

"काकूंनी? कशाला?"

"शेवटी मी तिथे असू नये म्हणून."

"काढू काय ती सूचना?"

"काढ. त्या मुलीला काम करायचं आहे."

अभिजीतने दोन-तीन बटणं दाबली. दोघेही समोर बसून राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लॅपटॉप चालूच राहिला.

कृष्णनाथने तो बंद केला, पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावली. त्याचे हात स्थिर होते. सुमनचा हात धरायचा तेवढा राहून गेला.