डाव्या पायाची नखं
मॉस कुत्र्याच्या मागच्या डाव्या पायाची नखं आज झिजलेली होती. जनावरांची डॉक्टर लोवरीनं नखकात्री हातातच धरून पुन्हा पाहिलं. कार्डिफच्या मोठ्या दवाखान्यानं मोडका पाय कापायला सांगितला होता. तिनं तो इथल्या छोट्या दवाखान्यात जोडला. कुत्रा मात्र तो टेकेना, म्हणून न झिजता वाढलेली नखं ती दरमहा कापत होती. “हा डोंगरावर गेला होता?” तिनं विचारलं. मॉसचा मालक, म्हातारा मेंढपाळ एम्लिन ओशाळला. “नको म्हणत होतो, पोरी. मेंढ्या दिसल्यावर माझं कोण ऐकतंय! चारी पायांवर पळालं गाढव.” त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. थोरले डॉक्टर गेथिन दारात उभे होते. वसंत ऋतूपासून त्यांचा “माझा दवाखाना सांभाळशील?” हा प्रश्न ती टाळत होती. तिला कार्डिफहून दुप्पट पगाराचं बोलावणं होतं. पण तिथे आजचं जनावर उद्या दुसऱ्या डॉक्टरच्या टेबलावर जाई. तिनं कात्री खणात ठेवली. “डॉक्टर, दवाखान्याच्या पाटीवर माझंही नाव घाला.”