पुढे स्पीडब्रेकर आहे

लंगडा मशालजी तीनशे बाराव्या पानावर मेला, तेव्हा मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत आपल्या शिकवायच्या सीटवर बसले होते. गाडी उभी होती, हे सगळ्यांचं नशीब. अकराच्या शिकाऊ बाई आल्या, तर पुस्तक मांडीवर पालथं आणि मास्तर काच पुसायच्या फडक्याने डोळे पुसतायत.

“कोण गेलं, मास्तर?”

“मशालजी.”

“जवळचे होते?”

“दुसऱ्या भागापासून,” मास्तर म्हणाले आणि फडकं पुन्हा डोळ्यांना लावलं.

दुसरा भाग म्हणजे काय ते बाईंना कळलं नाही, पण प्रसंग कळला. त्यांनी मास्तरांना घरी पोचवायचं ठरवलं. तीन आठवडे दर चौकात गाडी बंद पाडणाऱ्या बाई त्या दिवशी चौथ्या गिअरपर्यंत गेल्या आणि वाटेत इंजिन एकदाही बंद पडलं नाही. तीन आठवडे घसा कोरडा करून जे साधलं नाही, ते वीस मिनिटं मुसमुसून साधलं. आपल्या शिकवण्याची लायकी मास्तरांना त्या दिवशी नीट कळली.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पायाखाली कायम एक जादा ब्रेक. सहा वर्षांपूर्वी बायको दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा यांच्या मधल्या वेळात गेली, तेव्हा हेच मास्तर कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला खुर्च्या देत होते. आणि आता कागदावरच्या माणसांपायी फडकी भिजत होती. त्यांना याची लाज वाटायची. लाज वाटूनही पान उलटल्याशिवाय राहवायचं नाही.

हे व्यसन घरात आणलं मुलीने. एका कादंबरीचे आठ भाग, एकेक विटेएवढा. काळं राज्य, रोगराई, विश्वासघात, आणि ज्याच्यावर जीव लावावा त्याचाच जीव जाणार. मुलगी आधी वाचायची, मग मास्तर. पहिल्या भागात किल्ल्यावरच्या कुबड्या आचाऱ्याला मारलं, तेव्हा मास्तरांनी पुस्तक पलंगाखाली सरकवलं, आज जेवणार नाही असं जाहीर केलं आणि तासाभराने दुप्पट जेवले. मग मुलीला समोर बसवून खडसावलं. स्पीडब्रेकरच्या आधी बोर्ड लावायची रीत असते. जो पुढे जाईल त्याने मागच्यासाठी लावायचा.

तेव्हापासून कुणी आवडतं माणूस मरणार असलं, की दहा पानं आधी मुलगी वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक छोटा उंचवटा काढून ठेवायची. तो दिसला की मास्तर पुस्तक मिटायचे, चहा टाकायचे, हातांच्या खुर्चीत बसायचे आणि मगच पुढे जायचे. मेलेला काही जिवंत व्हायचा नाही. धक्काही बसायचाच, पण मणका शाबूत राहायचा.

सहाव्या भागात मशालजीच्या आधी उंचवटा नव्हता.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. त्या दिवशी तिची सुटी. मास्तर घरात शिरले आणि चप्पल काढायच्या आधीच त्यांनी तक्रार मांडली. तिने जीभ चावली. वाचताना ती स्वतःच इतकी रडली होती, की पेन्सिल हातात घ्यायचं राहून गेलं.

“पण बाबा, बोर्ड असता तरी तो मेलाच असता ना.”

“मेला असता. माझी तक्रार मरण्याबद्दल नाहीये. मला काही माहीत नव्हतं, मी आपला हसत हसत पान उलटलं. माणसाला असं गाठू नये गं.”

एवढं बोलून मास्तरांचं लक्ष हातातल्या पुस्तकाकडे गेलं.

त्यात खूण म्हणून घातलेला लिफाफा हॉस्पिटलचा होता. हृदयाची एक झडप निकामी झाली होती आणि पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. चार दिवस मास्तर तो लिफाफा दोनशेव्या पानावरून तीनशेव्या पानावर नेत होते. मुलीला सांगायचं ते नंतर, असा त्यांचा बेत होता. कामासाठी चार दिवस बाहेरगावी जातो म्हणायचं, आणि शुद्धीवर आल्यावर फोन करायचा. शुद्धीवर आलो नाही तर काय, या प्रश्नाला बेतात जागाच नव्हती. हा बेत त्यांना आजवर फार हुशारीचा वाटत होता. आता त्यांना दिसलं, की आपण त्या लेखकापेक्षाही नालायक आहोत; तो निदान तीनशे पानं तयारी तरी करतो.

मास्तरांनी लिफाफा बाहेर काढला. फोनजवळची पेन्सिल घेतली आणि वरच्या कोपऱ्यात उंचवटा काढला. तो जरा मोठाच झाला. लिफाफा त्यांनी मुलीपुढे ठेवला.

तिने आधी उंचवटा पाहिला, मग हॉस्पिटलचं नाव. लिफाफ्याला तिने हात लावला नाही. ती उठली, चहा टाकला, हातांची खुर्ची ओढून घेतली आणि दोन्ही हात घट्ट धरून बसली.

“दहाच पानं?” तिने विचारलं.

“छे गं. डॉक्टर म्हणतात, झडप बदलली तर अजून तीन भाग सहज निघतील.” मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. “पण पुढे मी आहे ना. बोर्ड मीच लावायला हवा.”