कार्यमुक्त

‘दिवाळीनंतर येतो हां पोरांनो, तोवर पाढे विसरू नका.’

हा आवाज यमुनाबाईंच्या कानात जन्मभर राहिला. तेव्हा त्या तिसरीत होत्या. तेव्हाचे गुरुजी एसटीत चढले, खिडकीतून हात हलवला, गाडी घाटी उतरून गेली. दिवाळी आली, शिमगा आला, पालखी दारोदार नाचून देवळात परत गेली. शाळेचं कुलूप काही निघालं नाही. दुसरे गुरुजी आले तोवर यमुना गुरांमागं जायला लागली होती. पुन्हा शाळेत बसायची तिला लाज वाटली.

आज त्यांची नात ईशा तिसरीत होती. म्हणून तर यमुनाबाई शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या आणि उठत नव्हत्या. काजू वेचायचं काम टाकून वाडीतल्या बायका त्यांच्यामागं बसल्या होत्या. आत हरिहर गुरुजींची बॅग भरून तयार होती. अंगणात केंद्रप्रमुख उल्का मॅडम एका हातात हेल्मेट आणि एका हातात शाळेची किल्ली घेऊन उभ्या होत्या.

मॅडमनी सगळं नीट समजावलं होतं. गुरुजींची त्यांच्या परभणी जिल्ह्यात बदली गेल्या वर्षीच झाली होती. त्यांच्या जागी कुणी मिळेना, म्हणून त्यांना सोडलं नव्हतं. आता सोडा म्हणून हुकूम आला होता. जागी यायला मात्र अजूनही कुणी नव्हतं. जूनपासून मुलांनी पऱ्याचा ओढा ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं. शाळा समितीच्या अध्यक्ष म्हणून यमुनाबाईंनी किल्ली घेतली की गुरुजी कार्यमुक्त. आज नाही घेतली, तर बदली रद्द. मग पुढं किती वर्षं, ते मॅडमनाही सांगता येत नव्हतं.

यमुनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"पऱ्या भरला की आमची गुरासुद्धा पलीकडं जात नाय," मागून सोनूबाई म्हणाली. "मॅडम, तुमी याच एकदा आषाढात. त्या हेल्मेटात पाणी किती मावता ते बघू."

बायका हसल्या. मॅडमही हसल्या.

गुरुजींना धरून ठेवावं, असे ते होतेच. नवे आले तेव्हा त्यांच्या परभणीच्या बोलण्याला पोरं फिदीफिदी हसायची. आता ते स्वतःच ‘काय गो’, ‘कसा काय’ म्हणत. पहिलीतलं पोर रडायला लागलं, की त्याला कडेवर घेत, बाहेर आंब्याखाली नेत, मोहोर दाखवत, कैरी दाखवत, आणि डोळे पुसूनच आत आणत. ईशा तर घराबाहेर तोंडच उघडायची नाही. मुकी असेल, असं लोक म्हणू लागले होते. गुरुजी रोज तिच्या शेजारी मांडी घालून पाटीवर मासे काढत बसले. बांगडा काढला, सौंदाळा काढला, पावसाळा सरला. एक दिवस कोलंबीला पाय कमी काढलेले बघून तिला राहवलं नाही. "गुरुजी, चुकलाव," ती म्हणाली. त्या रात्री यमुनाबाईंनी देवापुढं नारळ ठेवला होता.

वाडीनंही त्यांना काही कमी केलं नाही. फणस फोडला की गरे शाळेत जात. गणपतीत पहिलं पान गुरुजींचं. दर वर्षी बायका म्हणत, वहिनींना आणि लेकीला इकडंच आणा, आमची खोली मोकळीच आहे. गुरुजी म्हणत, बघू उन्हाळ्यात. त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, वहिनींना तिथून हलता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लेकीचं विचारलं, तर ‘लई बडबडी आहे’ एवढंच सांगत. खाली वाडीत रेंज नसे. रोज संध्याकाळी ते मोबाइल घेऊन डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर चढत, आणि काळोख पडताना उतरून येत. उतरताना ते कुणाशी फारसं बोलत नसत.

ते आता दारात आले. ईशा त्यांच्या शर्टाचं टोक धरून मागं उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण भरलेली बॅग तिनं पाहिली होती.

यमुनाबाईंनी मान वर केली.

"गुरुजी, बापाला भेटाय जा, आमी कधी अडवलाव नाय. पर हितं मान हाय, पोरा जीव टाकतात तुमच्यावर. कायमचा जायाचा कशाला? एक कारण सांगा. माझ्या जिवाला पटला, तर मी आत्ता उठते नि किल्ली घेते. नाय पटला, तर ह्या बाया हितंच रांधतील नि हितंच निजतील."

गुरुजींनी मॅडमकडे पाहिलं, मग बायकांकडे. ते खाली यमुनाबाईंशेजारी पायरीवरच बसले. शर्टाचं टोक अजून ईशाच्या मुठीत होतं. त्यांनी ते सोडवलं नाही.

"आजी, माझी पोरगी चार वर्षांची झाली," ते म्हणाले. "मोबाइलला ती पप्पा म्हणते. रात्री त्याला उशाशी घेऊन झोपते. आणि मी दारात उभा राहिलो की आत पळते, आईला सांगते, कुणीतरी काका आलेत."